शंभर झाडं मोजली, तरी वाफे दोनच

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कृषी पदवीचे तिघं विद्यार्थी. हरभऱ्याचे दोन वाफे घेतलेत. एकात रायझोबियम या, मुळांवर गाठी करून पिकाला नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या खताची बीजप्रक्रिया केलेलं बियाणं पेरलंत, दुसऱ्यात साधं. काढणीच्या आधी प्रत्येक वाफ्यातल्या ५० झाडांचे घाटे मोजलेत. प्रक्रिया केलेल्या वाफ्यात झाडामागे सरासरी ४२ घाटे, साध्यात ३६. प्रमाण विचलन, म्हणजे झाडाझाडांतल्या तफावतीचं माप, दोन्हीकडे साधारण १०. दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी टी टेस्ट लावली, टी ३ आला, पी ०.००३ (पी म्हणजे काय ते पुढे येईल). आणि परीक्षकांनी सांगितलं, "याला रेप्लिकेशनच नाही, हा प्रयोग होत नाही." शंभर झाडं मोजूनही प्रयोग का होत नाही, आणि आता या आकड्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

परीक्षक बरोबर आहेत. रेप्लिकेशन म्हणजे तीच प्रक्रिया अनेक वाफ्यांना देणं, आणि ते तुमच्याकडे नाही. पण ते एका वाक्यात सांगून निघून गेले हे बरं झालं नाही, कारण ही चूक मोठमोठ्या प्रबंधांतही सापडते. मी तीस वर्षं शेतावरचे प्रयोग आखण्यात आणि त्यांची आकडेमोड करण्यात घालवली. संख्याशास्त्राची एकच गोष्ट विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्की बसावी असं मला कुणी म्हटलं, तर मी हीच निवडेन.

तुम्ही बीजप्रक्रिया झाडाझाडाला वेगवेगळी दिली नाहीत, वाफ्याला दिलीत. म्हणून प्रयोगाचं एकक वाफा आहे, झाड नाही. तुमची संख्या १०० नाही, २ आहे. एक प्रक्रियेचा, एक बिनप्रक्रियेचा.

हे पटायला जड जातं, म्हणून उलटं करून बघू. समजा, तुम्ही जिवाणू खताचं पाकीट उघडलंच नाही. दोन्ही वाफ्यांत तेच बियाणं, तेच खत, तेच पाणी. दोन्हीकडच्या ५० झाडांची सरासरी तंतोतंत सारखी येईल का? ज्याने शेत बघितलंय तो हसेल. एका वाफ्याच्या कडेला बांध असतो, बांधावर बाभूळ असते. एका जागी दोन वर्षांपूर्वी शेणखताचा ढीग पडलेला असतो. एका टोकाला उतार असतो, तिथे पाणी मुरतं, दुसऱ्या टोकाला मुरूम वर आलेला असतो. मर रोगाची बुरशी जमिनीत एका पट्ट्यात जास्त असते. काहीही न करता वाफ्यावाफ्यात फरक असतोच.

हा फरक किती असतो? समजा, तुमच्या शेतात वाफ्यांच्या खऱ्या सरासऱ्या ४ घाट्यांच्या प्रमाण विचलनाने इकडेतिकडे होतात. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, पण अवाजवी नाही. दोन वाफ्यांमधल्या फरकाचं विचलन मग ४ गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ५.७. त्यात ५०-५० झाडंच मोजल्यामुळे येणारी अनिश्चितता, तुमच्या गणितातली स्टँडर्ड एरर, २. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, साधारण ६ येतं. म्हणजे जिवाणू खत अजिबात न वापरताही दोन वाफ्यांत ६ किंवा त्याहून जास्त घाट्यांचा फरक तीनातून एकदा दिसेल. तुमची टी टेस्ट सांगत होती हजारात तीनदा. गणित चुकलेलं नाही. एकाच वाफ्यातल्या झाडाझाडांत किती फरक असतो, एवढंच त्या गणिताला माहीत होतं. वाफ्यावाफ्यांत किती असतो हे त्याला कळायला मार्गच नव्हता, कारण प्रत्येक बाजूला वाफा एकच. एका वाफ्यावरून वाफ्यांमधली तफावत काढायची तर डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे तफावत काढायला हाती उरलेले स्वतंत्र आकडे, एक वजा एक, शून्य.

आता ५० ऐवजी ५०० झाडं मोजलीत असं धरा. स्टँडर्ड एररचा २ चा आकडा ०.६ वर येईल. एकूण अनिश्चितता ६ वरून जेमतेम ५.७. दहापट मेहनत केली आणि हाती काहीच आलं नाही. उलट टी टेस्टमधला टी ९ च्या वर जाईल, तुम्हाला निष्कर्ष अगदी पक्का वाटेल. जास्त मोजल्याने चुकीच्या निष्कर्षावरचा विश्वासच वाढतो, आणि मला या चुकीची भीती वाटते ती त्यासाठी.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका प्रयोगात नव्या खतमात्रेचे सगळे प्लॉट विहिरीच्या बाजूला टाकले, कारण मजुरांना तिथून पाणी देणं सोपं होतं. फरक चांगला आला. सुदैवाने पुढच्या हंगामात त्याच तुकड्यावर काहीही वेगळं न करता एकच वाण सरसकट पेरला गेला, आणि मी सवयीने जुन्या प्लॉटच्या खुणांप्रमाणे वेगवेगळी काढणी करायला लावली. विहिरीकडची बाजू तेव्हाही पुढेच होती. आदल्या वर्षी मी खताचा नाही, विहिरीच्या शेजाराचा परिणाम मोजला होता. अशा काहीही न बदलता केलेल्या पेरणीला युनिफॉर्मिटी ट्रायल म्हणतात. महाविद्यालयाच्या शेतावर एका हंगामात तुकडा मिळाला, तर प्रत्येक विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा ती करावी. आपलं शेत आपल्याला किती फसवू शकतं हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं कशातूनही दिसत नाही.

यावर उपाय शोधणारे लोकही शेतातलेच होते. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने जो शोधनिबंध छापला, त्यातून टी टेस्ट आली. त्यांच्यापुढची अडचण तुमच्यासारखीच होती, नमुने थोडे असायचे. म्हणून 'किमान ३० नमुने हवेतच' हा जो नियम वर्गात सांगितला जातो, तो टी टेस्टच्या बाबतीत मनातून काढून टाका. ती मुळात थोड्या नमुन्यांसाठीच आहे. पण ते नमुने एकमेकांपासून स्वतंत्र हवेत, ही अट तिला आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात गेले. तिथल्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हाच्या लांबच लांब पट्ट्यांवर खतांचा प्रयोग चालू होता, प्रत्येक खताला एकेकच पट्टा. बिनखताचा पट्टा आणि खताचा पट्टा यांतला फरक इतका मोठा आणि वर्षानुवर्षं इतका टिकणारा होता की तिथे रेप्लिकेशनवाचून निभावलं. हे सांगतोय कारण 'रेप्लिकेशन नाही म्हणजे माहिती शून्य' असंही नसतं. पण पाच-दहा टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रश्न तेवढ्याच फरकाचे असतात, तर तसं चालत नाही. फिशर यांनी त्यासाठी तीन गोष्टी एकत्र बांधल्या: प्रत्येक ट्रीटमेंट (तपासायची प्रक्रिया) अनेक प्लॉटांना देणं, कुठल्या प्लॉटला काय द्यायचं ते चिठ्ठीने ठरवणं, आणि सारखी जमीन एका ब्लॉकमध्ये घेणं.

तुमच्या हरभऱ्यालाच हे लावून दाखवतो.

पुढच्या रब्बीत तेवढ्याच जागेत दोन मोठ्या वाफ्यांऐवजी १२ लहान प्लॉट करा. शेतावर चालत फिरा, उतार कुठे, मुरूम कुठे, सावली कुठे ते बघा. उताराच्या आडवे सहा पट्टे पाडा. प्रत्येक पट्टा एक ब्लॉक, त्यात शेजारी-शेजारी दोन प्लॉट. एका ब्लॉकमधले दोन प्लॉट एकमेकांना शक्य तितके सारखे हवेत. ब्लॉकब्लॉकमध्ये फरक असेल तर असू दे. मग प्रत्येक ब्लॉकसाठी नाणं उडवा. छापा आला तर डावीकडे प्रक्रिया केलेलं बियाणं, काटा आला तर उजवीकडे. सहा ब्लॉक, सहा वेळा नाणं. "मनानेच उलटसुलट टाकतो की" असं म्हणू नका. मनाला प्रक्रियेचं बियाणं चांगल्या जागी टाकायचा मोह होतो, आणि तो झालेला आपल्याला कळतही नाही.

समजा, प्रत्येक प्लॉटमधून कडेच्या ओळी सोडून २० चौरस मीटरचं उत्पन्न तुम्ही तोललं आणि किलोमध्ये असे आकडे मिळाले (हे मी हिशेबासाठी तयार केलेत). प्रक्रिया केलेले: ४.१, ३.८, ४.६, ३.३, ४.४, ३.९. साधे, त्याच ब्लॉकांतले: ३.६, ३.७, ४.०, ३.४, ४.०, ३.६. सरासऱ्या ४.०२ आणि ३.७२.

आता ब्लॉक विसरून दोन वेगळे गट म्हणून टी काढलात, तर १.४१ येतो. दहा डिग्री ऑफ फ्रीडमला तक्त्यातली पाच टक्क्यांची किंमत २.२३, आपला टी तिच्या खालीच. म्हणजे काही सिद्ध होत नाही. पण ब्लॉक धरून जोडीजोडीतला फरक घ्या: ०.५, ०.१, ०.६, उणे ०.१, ०.४, ०.३. सरासरी ०.३, विचलन ०.२६, त्याला ६ च्या वर्गमूळाने भागलं की स्टँडर्ड एरर ०.१०६. टी २.८२. पाच डिग्रीला तक्त्यातली किंमत २.५७, आता टी तिच्या वर गेला. आकडे तेच, धान्य तेच. चौथ्या ब्लॉकची जमीन हलकी आणि तिसऱ्याची भारी होती, हा फरक पहिल्या हिशेबात चुकांच्या खात्यात पडला होता, दुसऱ्यात तो बाजूला काढला. ब्लॉक पाडल्याचा फायदा तो हाच. त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही, फक्त पेरणीच्या आधी डोकं लावावं लागतं.

पी म्हणजे काय, हेही या नाण्यांवरूनच समजून घ्या, तक्त्यावरून नाही. जिवाणू खताचा शून्य परिणाम आहे असं धरा. मग प्रत्येक ब्लॉकमधला फरक जमिनीचाच, आणि तो अधिक की उणे हे केवळ नाण्याने ठरवलं. सहा नाणी ६४ प्रकारे पडू शकली असती. त्या ६४ पैकी किती वेळा फरकांची बेरीज आपल्याला मिळाली तेवढी, म्हणजे १.८ किंवा त्याहून जास्त आली असती? कागदावर मांडून बघा: तीनदा. उणे बाजूला तेवढीच मोठी बेरीज आणखी तीनदा. ६४ पैकी ६, म्हणजे ९.४ टक्के. हाच पी. 'जिवाणू खत खरोखर काम करतं याची शक्यता' असा त्याचा अर्थ नाही. परिणाम काहीच नसता तर इतका किंवा याहून टोकाचा फरक किती वेळा दिसला असता, एवढंच तो सांगतो.

तुमच्या लक्षात आलं असेल की टी टेस्ट हा पी पाच टक्क्यांच्या आत आहे म्हणते आणि नाण्यांचा हिशेब ९.४ टक्के म्हणतो. दोन्हींत चूक नाही. टी टेस्ट फरकांचं वाटप घंटेच्या आकाराचं आहे असं जास्तीचं गृहीत धरते, नाण्यांचा हिशेब तसं काही धरत नाही. पाच टक्क्यांच्या अलीकडे यश आणि पलीकडे अपयश असं मानणाऱ्याला इथे उत्तर मिळणार नाही. मी या आकड्यांवर असं लिहीन: उत्पन्न सरासरी ०.३ किलोने वाढलं, म्हणजे हेक्टरी १५० किलो. पण टी टेस्टच्या ९५ टक्क्यांच्या हिशेबाने ही वाढ हेक्टरी १३ किलोपासून २८७ किलोपर्यंत कितीही असू शकते, आणि पुरावा काठावरचा आहे, आणखी एक हंगाम हवा. शेतकऱ्याला पी चा उपयोग नसतो. त्याला १३ आणि २८७ समजतात. पाकिटाचा खर्च निघेल का, हे त्यावरून तो स्वतः ठरवतो.

कंट्रोल प्लॉटबद्दल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या प्लॉटबद्दल, तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुमच्या वर्णनात 'साधं बियाणं' हे शब्द आहेत आणि तिथे मला खटकलं. रायझोबियम चोळताना आपण २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला, गुळाच्या द्रावणातून लावतो आणि बी सावलीत वाळवतो. म्हणजे तुमच्या प्रक्रियेच्या वाफ्यात जिवाणूंबरोबर गूळ, ओलावा आणि पाकिटातली लिग्नाइटची भुकटीही गेली. ओल्या बियाण्याची उगवण थोडी आधी झाली असेल, तर तो परिणाम जिवाणूंच्या नावावर जमा होईल. खरा कंट्रोल म्हणजे तेच पाकीट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) निर्जंतुक करून, त्याच गुळाच्या पाण्यातून, तितकाच वेळ सावलीत वाळवून पेरलेलं बी. फरक फक्त जिवंत आणि मेलेल्या जिवाणूंचा उरला पाहिजे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनंती केलीत तर हे सहज होतं.

शिवाय कंट्रोलचे प्लॉट आधी पेरा, प्रक्रियेचे नंतर, म्हणजे हाताला आणि पाभरीला लागलेले जिवाणू इकडचे तिकडे जाणार नाहीत. एका प्लॉटमधून वाहून दुसऱ्यात जाणारं पाणी देऊ नका, प्रत्येकाला चारीतून वेगळं द्या. आणि त्या शेतात पूर्वी हरभरा घेतला होता का हे विचारा. जिथे वर्षानुवर्षं हरभरा होतो तिथे त्याचे जिवाणू जमिनीत आधीच असतात, मग पाकिटाचा परिणाम फिका दिसतो. तसं झालं तर ते अपयश मानू नका, लिहा. चार झाडं हलकेच उपटून मुळांवरच्या गाठी मोजल्यात आणि कापून आतला रंग गुलाबी आहे का बघितलंत, तर कारणापर्यंतही पोहोचाल.

झाडं कशी निवडलीत? मला भीती आहे की काढणीच्या वेळी वाफ्यात उभं राहून हाताला येतील ती घेतलीत. हात भरलेल्या झाडाकडेच जातो, हा माणसाचा दोष नाही, नजरेचा स्वभाव आहे. उगवण झाल्यावर, झाडं वितभर असतानाच, चिठ्ठीने ओळ आणि झाडाचा क्रमांक काढून दोऱ्याने खूण बांधा. पुढे ते झाड खुरटलं तरी तेच मोजायचं. घाटे मोजणाऱ्याला प्लॉट कुठल्या ट्रीटमेंटचा हे माहीत नसावं, पाटीवर फक्त १ ते १२ क्रमांक असावेत.

कडेच्या बाबतीत तर आपल्या देशात मोठा वाद झालाय. १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी पीक कापणी प्रयोगांत किती मोठा तुकडा कापावा, यावर कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांच्यात मतभेद होते. लहान तुकडे स्वस्त पडतात आणि जास्त ठिकाणी घेता येतात, हा एक पक्ष. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष कापण्या करून दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे: दोरीच्या अगदी काठावरचं झाड आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की कापणारा ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितका एकूण क्षेत्राच्या मानाने काठ जास्त. हाच दोष १ चौरस मीटरची चौकट टाकून उत्पन्न काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या आकड्यात असतो. म्हणून चौकट टाकू नका, कडेच्या ओळी सोडून आतला अख्खा नेट प्लॉट काढा आणि तोला.

एक गोष्ट पेरणीच्या आधीच वहीत लिहून, तारीख घालून, मार्गदर्शकांची सही घ्या: मुख्य मोजमाप कुठलं. धान्याचं उत्पन्न असेल तर तेच. हे यासाठी की आपल्याकडे प्रकल्पात उंची, फांद्या, घाटे, शंभर दाण्यांचं वजन, गाठी, हरितद्रव्य अशी १४ मोजमापं घेतात आणि ज्यात पी ०.०५ च्या खाली येतो तेच शीर्षकात घालतात. १४ स्वतंत्र मोजमापं असतील आणि कशावरच परिणाम नसेल, तरी निदान एक 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ५१ टक्के आहे. ०.९५ चा चौदावा घात एकातून वजा करून बघा. बाकीची मोजमापं जरूर घ्या, पण सगळी छापा आणि पूरक म्हणून छापा. शेळ्या शिरल्या, प्लॉट बुडाला, तर आकडा कधी वगळायचा हेही आधीच लिहा. उत्पन्न तोलल्यावर वगळायचं कारण शोधू नका.

आता या वर्षीच्या आकड्यांचं. ते फेकू नका, पण टी टेस्टचा भाग काढून टाका. 'एका वाफ्यात सरासरी ४२, दुसऱ्यात ३६ घाटे आढळले. प्रत्येक ट्रीटमेंटला एकच वाफा असल्याने हा फरक बीजप्रक्रियेचा की जमिनीचा हे सांगता येत नाही' असं स्वच्छ वाक्य लिहा. ज्या परीक्षकाने गुण कापले तोच हे वाक्य वाचून तुमचं ऐकेल. झाडाझाडांतलं १० चं विचलन पुढच्या वर्षी उपयोगी आहे: प्लॉटमागे १० झाडं मोजलीत तर त्या सरासरीची अनिश्चितता ३ घाट्यांच्या आसपास राहते, म्हणजे ५० मोजण्यात दिवस घालवण्यापेक्षा तो वेळ जास्त प्लॉटना द्या. आणि तुमचे दोन वाफे जिथे होते ती जागा आराखड्यात दाखवा. शक्य असेल तर दोन्ही ठिकाणची माती वेगवेगळी तपासून घ्या, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद तरी. फरक निघाला तर सहा ब्लॉक कुठल्या दिशेने पाडायचे हे त्यावरूनच ठरेल.

ऑक्टोबरात पेरणीच्या आधी आराखडा इथे टाकलात तर मी बघून देईन. त्यात उताराची दिशा, बांधावरची झाडं आणि पाण्याची चारी दाखवायला विसरू नका.